दुर्मीळ रोगाचे माप : बीड जिल्हा आणि हातापायांच्या हाडांचा कर्करोग

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जो २०१२ ते २०१६ या काळातील माहितीवर आधारलेला आहे, त्यात देशातील निरनिराळ्या नोंदणी क्षेत्रांचे कर्करोगाचे दर शेजारी शेजारी मांडलेले आहेत. वर्षाला दर लाख पुरुषांमागे २६९.४ नवे रुग्ण असलेला मिझोरममधील ऐझॉल जिल्हा त्यात सर्वांत वर आहे आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, व बीड या दोन जिल्ह्यांचे मिळून केलेले क्षेत्र ३९.५ या दरासह सर्वांत खाली आहे. स्त्रियांच्या बाबतीतही तळाची जागा याच दोन जिल्ह्यांची आहे. अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्यात हा दर २१९.८, तर इथे ४९.४. हे सारे दर वयसमायोजित आहेत, म्हणजे कुठे तरुण जास्त आणि कुठे म्हातारे जास्त या फरकाचा परिणाम वजा करून, सर्व क्षेत्रांना एकाच प्रमाणित वयोरचनेवर आणून काढलेले आहेत. या तक्त्यावर विसंबायचे तर बीड हा कर्करोगाच्या दृष्टीने देशातील सर्वांत निश्चिंत जिल्ह्यांपैकी एक ठरतो. आरोग्यावरचा पैसा, यंत्रे आणि तज्ज्ञ यांची वाटणी अशाच तक्त्यांकडे पाहून होत असल्यामुळे ही निश्चिंती कितपत खरी आहे, हे पाहणे भाग आहे, आणि त्यासाठी हातापायांची हाडे व कूर्चा यांच्या कर्करोगासारखा, एरवी कोणाच्या लक्षातही न येणारा रोग सर्वांत उपयोगी पडतो.

कूर्चा म्हणजे सांध्यांत हाडांच्या टोकांवर असणारी, हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशी ऊती. बाहेरचा कान आणि नाकाचे टोक यांना आकार देणारी ऊतीही याच जातीची. हाड किंवा कूर्चा यांच्यातच जन्मलेल्या कर्करोगाला प्राथमिक हाडकर्करोग म्हणतात. स्तन, फुप्फुस किंवा पुरःस्थ ग्रंथी यांचा कर्करोग पसरत हाडात पोहोचतो, तेव्हा तो दुय्यम असतो, आणि प्रौढांच्या हाडात सापडणाऱ्या घातक गाठी बहुतांश या दुसऱ्या प्रकारच्या असतात. हा भेद मोजणीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण मृत्यूच्या दाखल्यावर नुसते ‘हाडाचा कर्करोग’ असे लिहिले गेले तर दुय्यम रोगाचे मृत्यू प्राथमिकाच्या खात्यावर पडतात आणि खरा आकडा दोन्हीकडून बिघडतो. प्राथमिक प्रकारांत तीन प्रमुख आहेत. पहिला ऑस्टिओसार्कोमा, यात कर्करोगाच्या पेशी स्वतःच कच्चे, बेशिस्त हाड तयार करतात, आणि त्याचे सर्वाधिक रुग्ण १० ते १९ या वयात, हाडे झपाट्याने वाढत असताना आढळतात. दुसरा युइंग सार्कोमा. जेम्स युइंग या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले, तोही मुलांचा आणि किशोरांचाच रोग आहे, मात्र त्यात ताप आणि सूज यांमुळे हाडातील जंतुसंसर्गाचा भास होतो. तिसरा कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग; तो साधारणतः चाळिशीनंतर होतो, सावकाश वाढतो, आणि त्याच्यावर औषधांचा व किरणांचा फारसा परिणाम होत नसल्यामुळे शस्त्रक्रिया हाच त्यावरचा मुख्य उपाय असतो. ऑस्टिओसार्कोमाच्या जवळपास निम्म्या गाठी गुडघ्याच्या आसपास, मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला होतात. पायाच्या लांबीतील सुमारे दोन तृतीयांश वाढ गुडघ्याजवळच्याच वाढपट्ट्यांत होत असते, आणि जिथे पेशी सर्वांत वेगाने विभागतात तिथेच हा रोग सर्वाधिक दिसतो, हे लक्षात घेतले म्हणजे रोगाचे वय आणि जागा या दोहोंचा उलगडा होतो.

याच गोष्टीतून मोजणीविषयीचा एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. बहुतेक कर्करोगांचे दर जीवनपद्धतीप्रमाणे बदलतात. विड्या-सिगारेटी जिथे जास्त तिथे फुप्फुसाचा, तंबाखू चघळणारे जिथे जास्त तिथे तोंडाचा, आणि उशिरा होणारी थोडी बाळंतपणे, वाढते वजन व दीर्घायुष्य असलेल्या शहरांत स्तनाचा कर्करोग वाढतो. त्यामुळे बीडचा एकूण दर मुंबईपेक्षा कमी असण्यात नवल नाही आणि तो फरक बऱ्याच अंशी खराही असणार. ऑस्टिओसार्कोमाचे तसे नाही. तंबाखू, दारू, आहार, प्रदूषण यांच्याशी त्याचा ठाम संबंध आढळलेला नाही. पूर्वी घेतलेला किरणोपचार, डोळ्यांच्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगामागचा जनुकीय दोष, ली-फ्राउमेनी नावाची आनुवंशिक विकृती अशी मोजकी कारणे ज्ञात आहेत आणि ती थोड्याच रुग्णांना लागू पडतात. मराठवाड्यातील काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्याचे नाव या संदर्भात कधीकधी घेतले जाते. फ्लोराइडमुळे हाडे आणि दात यांना होणारा अपाय निर्विवाद आहे, परंतु कर्करोगाशी त्याचा संबंध नंतरच्या अभ्यासांत सिद्ध झालेला नाही. मुलाची हाडे वाढतात, हीच या रोगाची जवळपास एकमेव सार्वत्रिक पार्श्वभूमी आहे, आणि मुलांची हाडे बीडमध्येही तशीच वाढतात जशी ओस्लो किंवा ओसाका येथे. म्हणूनच लहान व तरुण वयातील ऑस्टिओसार्कोमाचे प्रमाण जगाच्या निरनिराळ्या भागांत, दर दहा लाखांमागे वर्षाला सुमारे ३ ते ५ असे, बरेचसे सारखे आढळते. युइंग सार्कोमा याला अपवाद आहे. तो आफ्रिकी आणि पूर्व आशियाई वंशांत फार कमी दिसतो, भारतात मात्र तो अपरिचित नाही.

यातून निघणारे अनुमान असे. ज्या रोगाचा दर जीवनपद्धतीने फारसा बदलत नाही, त्या रोगाचा नोंदलेला दर एखाद्या जिल्ह्यात अपेक्षेहून फार खाली आढळला, तर ती घट रोगाची मानण्याआधी नोंदणीची मानली पाहिजे. सोने खरे की खोटे हे पारखताना सराफ जसा कसोटीचा दगड वापरतो, तसा हाडांचा कर्करोग हा एकूण कर्करोग नोंदणीची पूर्णता पारखण्याचा दगड ठरू शकतो. प्रौढांच्या कर्करोगाबाबत ‘खेड्यात तो कमीच असतो’ असे म्हणून सुटता येते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाबाबत तसे म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही.

अर्थात या पारखणीत संख्येची अडचण आहे आणि ती नाकारून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती आणि उस्मानाबादची १६,५७,५७६. सर्व वयोगट आणि सर्व प्रकार मिळून प्राथमिक हाडकर्करोगाचा ढोबळ दर दहा लाखांमागे ५ ते १० धरला, तर बीडमध्ये वर्षाला १३ ते २६ आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून २१ ते ४२ नवे रुग्ण अपेक्षित ठरतात. इतक्या लहान आकड्यात एखाद्या वर्षी पाच-सात रुग्ण कमी किंवा जास्त होणे हा निव्वळ योगायोग असू शकतो, त्यामुळे एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दोन्ही जिल्ह्यांची दहा वर्षे एकत्र केली, म्हणजे अपेक्षा दोनशे ते चारशे रुग्णांच्या घरात जाते, तेव्हाच तुलनेला अर्थ येतो. नोंदणी अहवालांत मात्र असे रोग अवयवानुसार मांडलेल्या तक्त्यात एका ओळीपुरते येतात, पहिल्या दहा कर्करोगांच्या चर्चेत त्यांना जागा नसते, आणि म्हणून ही तुलना सहसा केलीच जात नाही.

या भागात कर्करोगाची मोजणी सुरू कशी झाली, हा इतिहास अभिमान बाळगावा असा आहे. मुंबईची लोकसंख्याधारित नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली आणि पुढे इतर शहरेही त्यात आली. ग्रामीण भारताचा आकडा मात्र कोणाकडेच नव्हता. १९८७ मध्ये बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. यांतला भूम तालुका बीड जिल्ह्याला लागूनच आहे. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या कागदांवर चालते, पण ज्या खेड्यातून रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही आणि मृत्यूचे कारण वैद्यकीय रीतीने लिहिलेच जात नाही, तिथे कागद पाहून काय मिळणार, हा प्रश्न बार्शीकरांनी नेमका ओळखला. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव ठरलेल्या फेऱ्या करू लागले, गावातील जाणत्या माणसांना भेटू लागले, कर्करोगाच्या धोक्याच्या खुणा लोकांना समजावून सांगू लागले आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला आणू लागले. या फेऱ्यांचा एक परिणाम आकड्यांपलीकडचा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात सापडू लागले, म्हणजे मोजणी हाच एक उपचार ठरला. पुढे या नोंदणीचा विस्तार होऊन उस्मानाबाद आणि बीड हे दोन्ही जिल्हे तिच्या कक्षेत आले. ज्या क्षेत्राने देशाला ग्रामीण मोजणी शिकवली, त्याच क्षेत्राचा दर देशात सर्वांत कमी यावा, यात विरोधाभास वाटला तरी मूळ पद्धत दोषी नाही. तीन तालुक्यांतील खेड्यांसाठी आखलेली, माणसांच्या पायांवर चालणारी पद्धत बेचाळीस लाखांच्या प्रदेशावर पसरताना किती दाट राहिली, हा खरा प्रश्न आहे.

बीडपुरता हा प्रश्न स्थलांतराने अधिक अवघड होतो. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर परततात. जाणाऱ्यांची संख्या लाखांत आहे आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. कर्करोग नोंदणीत रुग्ण किमान वर्षभर ज्या क्षेत्राचा रहिवासी आहे त्या क्षेत्राच्या नावे लिहिला जातो, त्यामुळे सहा महिने बाहेर असलेले कुटुंब नियमाने बीडचेच राहते. परंतु सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावच्या रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाचा पत्ता म्हणून कारखान्याच्या तळाचा पत्ता लिहिला गेला, तर तो रुग्ण बीडच्या हिशेबातून गळतो आणि तिथल्या हिशेबातही टिकत नाही. जे मूल रुग्णालयात गेलेच नाही, त्याची नोंद तर कुठेच होत नाही.

मोजणीची ही चर्चा आवश्यक असली तरी रोगाचा समाजावरील भार दराने मोजता येतो, हे गृहीतक मुळातच अपुरे आहे. दर फक्त माणसे मोजतो आणि प्रत्येक माणूस एक धरतो. सार्वजनिक आरोग्यशास्त्रात ‘गमावलेली आयुष्यवर्षे’ नावाचे दुसरे एक माप आहे. मृत्यू ज्या वयात झाला तिथपासून अपेक्षित आयुष्यापर्यंत जितकी वर्षे उरली असतील, तितकी त्या मृत्यूच्या नावे मांडायची, असा त्याचा अर्थ. सत्तर वर्षांचे आयुष्य अपेक्षित धरले तर पासष्टाव्या वर्षीच्या मृत्यूच्या नावे पाच वर्षे पडतात आणि पंधराव्या वर्षीच्या मृत्यूच्या नावे पंचावन्न. म्हणजे ऑस्टिओसार्कोमाने गेलेला एक मुलगा या मापाने अकरा वृद्धांइतका भारी ठरतो. वृद्धांच्या मृत्यूचे मोल यामुळे कमी होत नाही, पण पहिल्या दहा कर्करोगांच्या यादीवर अवलंबून धोरण आखताना काय नजरेआड होते, ते दिसते. हे मापही अपुरेच आहे, कारण जो वाचतो पण पाय गमावतो त्याचे नुकसान त्यात येत नाही, आणि घरातील इतरांचे तर नाहीच.

बीडमध्ये हे इतरांचे नुकसान विशेष वजनदार आहे. ऊसतोडीच्या व्यवसायात मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, मुकादम त्या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो आणि ती उचल टनामागे ठरलेल्या मजुरीतून फेडायची असते. हे सगळे अर्थशास्त्र हातापायांवर उभे आहे. वाकून बुडखा तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधून डोक्यावर घेणे, फळीवरून ट्रकमध्ये चढणे यांपैकी एकही काम एका पायाने होत नाही. कूर्चेच्या कर्करोगाने चाळिशीतील मजुराच्या खुब्याला किंवा मांडीला गाठ आली तर एक कोयता मोडतो, आणि मागे राहिलेल्या बाईला अर्धा कोयता म्हणून टोळीत जागा मिळणे कठीण असते. रोग मुलाला झाला तर आई-बापांपैकी एकाला त्याच्याबरोबर रुग्णालयात राहावे लागते, आणि ऑस्टिओसार्कोमाचे उपचार, म्हणजे शस्त्रक्रियेआधीची औषधे, शस्त्रक्रिया आणि नंतरची औषधे, सात-आठ महिने चालतात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. म्हणजे एका मुलाच्या उपचारात कुटुंबाचा पूर्ण हंगाम जातो, उचल अंगावर राहते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने औषधांचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च बऱ्याच अंशी उचलला आहे, २०२३ मध्ये तिची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला, एसटीच्या आणि रेल्वेच्या भाड्यात कर्करोग रुग्णांना सवलत आहे, हे सर्व खरे आणि स्वागतार्ह आहे. परंतु योजना रुग्णालयाचे बिल भरते, बुडालेला हंगाम भरून देत नाही. उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्या कुटुंबांना अडाणी किंवा बेफिकीर म्हणणे सोपे असते. प्रत्यक्षात त्यांच्यापुढे एका मुलाचा जीव आणि उरलेल्या मुलांची भाकरी असा हिशेब मांडलेला असतो, आणि तो मांडण्याची वेळ त्यांच्यावर आणणे हे समाजाचे अपयश आहे.

उपचार काय देऊ शकतात हे पाहिले म्हणजे या अपयशाची तीव्रता कळते. १९७० च्या दशकापर्यंत ऑस्टिओसार्कोमावर अवयवविच्छेदन, म्हणजे हात किंवा पाय कापणे, एवढाच उपाय होता आणि तो करूनही पाचांत चार रुग्ण फुप्फुसात पसरलेल्या रोगाने दगावत, कारण निदानाच्या वेळीच सूक्ष्म, न दिसणारा प्रसार झालेला असे. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेट ही औषधे शस्त्रक्रियेला जोडली गेल्यावर, रोग एकाच जागी असलेल्या रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साठ ते सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. मेथोट्रेक्सेटची फार मोठी मात्रा देताना रक्तातील त्याची पातळी वारंवार मोजावी लागते, आणि ही सोय भारतात मोजक्याच ठिकाणी आहे. ही अडचण ओळखून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने त्या मात्रेशिवायची, भारतीय परिस्थितीला परवडणारी औषधयोजना तयार केली आणि तिचे परिणाम समाधानकारक आले. शस्त्रक्रियेतही तसेच झाले. रोगट हाड काढून त्या जागी धातूचा कृत्रिम सांधा बसवणारी अवयवरक्षक शस्त्रक्रिया आज बहुसंख्य रुग्णांत शक्य असते, आयात सांध्यांच्या तुलनेत बरेच स्वस्त असे भारतीय बनावटीचे सांधे उपलब्ध आहेत, आणि काही रुग्णांत तर स्वतःचेच हाड बाहेर काढून, त्याला किरणांची मोठी मात्रा देऊन पुन्हा जागी बसवले जाते. हे सर्व मुंबईत, बीडपासून सुमारे चारशे किलोमीटरवर होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून मुलाचे उपचार करून घेणाऱ्या कुटुंबांना त्या अंतराची खरी किंमत माहीत असते.

या उपचारांचा लाभ मिळण्याची अट एकच आहे : रोग फुप्फुसात दिसू लागण्यापूर्वी आणि गाठ रक्तवाहिन्यांना वेढण्यापूर्वी रुग्ण पोहोचला पाहिजे. पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळी पसरलेला रोग सुमारे पाचांत एका रुग्णात आढळतो. भारतातील मोठ्या रुग्णालयांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे, आणि एकदा प्रसार दिसला की वाचण्याची शक्यता वीस-तीस टक्क्यांवर येते. मधल्या काळात काय घडते, ते ग्रामीण भागात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असते. मुलाचा गुडघा दुखतो. खेळताना किंवा भरतीसाठी पळताना तो मुरगळला असेल असे वाटते. तेल लावून चोळले जाते, हाडवैदाकडे नेऊन लेप आणि पट्टी बांधली जाते. मार लागल्याने कर्करोग होत नाही, मारामुळे आधीपासून असलेल्या गाठीकडे लक्ष जाते एवढेच; पण मार आठवला की दुखण्याचे कारण सापडल्यासारखे होते आणि शोध थांबतो. पुढे दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या मिळतात, त्यांनी थोडे बरे वाटते, हाडात जंतुसंसर्ग किंवा क्षय असावा असे समजून कधी त्याचीही औषधे सुरू होतात, आणि क्षयाचे प्रमाण लक्षात घेता ही शंका अगदी निराधार म्हणता येत नाही. चुकते ते एवढेच की एक्स-रे काढला जात नाही, किंवा काढला तरी सांध्याच्या वरचे-खालचे हाड त्यात पूर्ण येत नाही. हाडवैदाला सगळा दोष देणे न्याय्य नाही. गावात एक्स-रे नाही आणि हाडवैद आहे, तर लोक त्याच्याकडे जाणारच. मात्र गाठीवर जोराने चोळणे घातक ठरू शकते, एवढे तरी त्याच्यापर्यंत पोहोचवणे शक्य आहे.

उशिराइतकीच हानी घाईने होते, हा भाग मात्र फारसा बोलला जात नाही. गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, ही वरवर साधी वाटणारी क्रिया या रोगात निर्णायक असते, कारण सुई किंवा चाकू ज्या वाटेने आत गेला त्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडतात आणि नंतरच्या शस्त्रक्रियेत ती सगळी वाट हाडासकट काढावी लागते. छेद चुकीच्या जागी घेतला गेला तर वाचू शकणारा पाय कापावा लागतो. म्हणून जिथे अंतिम शस्त्रक्रिया होणार तिथेच बायोप्सी व्हावी, असा जगभर मान्य झालेला संकेत आहे. तालुक्याच्या ठिकाणी चिकित्सकाने एक्स-रे पाहावा, संशय ओळखावा आणि गाठीला हात न लावता रुग्ण पुढे पाठवावा. या रोगात यापेक्षा मोठे वैद्यकीय कौशल्य जिल्हा पातळीवर लागत नाही, आणि एवढे कौशल्य बीडमध्ये उभे करणे अशक्य मुळीच नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय पन्नास वर्षांची परंपरा असलेली संस्था आहे, आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय मुंबईच्या मानाने जवळ आहे.

यात मुलींचे काय होते, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. मुलींची उंची आधी वाढते, म्हणून त्यांच्यात ऑस्टिओसार्कोमाचे शिखर मुलांपेक्षा दोन-तीन वर्षे आधी येते. मुलांत तो थोडा अधिक असला तरी फरक फार मोठा नाही. भारतातील बालकर्करोगाच्या नोंदींत मात्र मुलींचे प्रमाण अपेक्षेहून कमी आढळते, आणि मुलीला दूरच्या रुग्णालयात नेण्याबाबतची कुटुंबाची अनिच्छा हे त्याचे एक कारण मानले जाते. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या जिल्ह्यात मुलीचा जन्म होऊ देण्याचाच प्रश्न इतका तीव्र होता, तिथे पाय कापलेल्या मुलीच्या लग्नाची चिंता तिच्या जिवाच्या चिंतेपुढे उभी राहत नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. अवयवरक्षक शस्त्रक्रिया इथे शरीराबरोबर सामाजिक स्थानही राखते, म्हणून तिला चैन समजणे चुकीचे आहे. आणि जिथे पाय कापणेच भाग आहे तिथे जयपूर फूटसारखा स्वस्त कृत्रिम पाय, तो बसवून देणारा माणूस आणि दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ खालील प्रमाणपत्र ही तिन्ही रुग्ण घरी परतण्यापूर्वीच त्याच्या हाती पडली पाहिजेत.

धोरणाच्या पातळीवर हा रोग कुठेच बसत नाही. राष्ट्रीय पातळीवरील लोकसंख्याधारित तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची आहे. हाडांच्या कर्करोगासाठी निरोगी मुलांची सरसकट तपासणी करणे शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक असल्यामुळे तो त्यात नसणे योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी सुरू केलेल्या उपक्रमात प्रगती मोजण्यासाठी सहा रोग निवडले; त्यांतही तो नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा जाऊन अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात, पण त्यांच्या मूळच्या ३० स्थितींच्या यादीत मुडदूस आहे, हाडाची गाठ नाही. इथे मात्र वगळणे समर्थनीय ठरत नाही, कारण पथकाने नवे यंत्र आणायचे नसून तीनच प्रश्न वाढवायचे आहेत : एकाच हाताचे किंवा पायाचे दुखणे तीन आठवड्यांहून जास्त टिकले आहे का, ते रात्री वाढते का, तिथे सूज आहे का. उत्तर होकारार्थी असेल तर दोन बाजूंनी काढलेला, पूर्ण हाड दाखवणारा एक्स-रे, आणि तोही मोफत. अशा एक्स-रेंपैकी बहुतेक निर्दोष निघतील, काहींत क्षय किंवा जंतुसंसर्ग सापडेल आणि त्या मुलांचाही फायदाच होईल. वर्षाला पंधरा-वीस रुग्णांसाठी इतका खटाटोप कशाला, या आक्षेपाचे उत्तर यातच आहे; एका दुर्मीळ रोगासाठी उघडलेल्या दारातून इतर अनेक दुखणी आत येतात.

नोंदणीकडूनही एक नवी अपेक्षा ठेवता येते. रुग्ण किती, एवढेच न सांगता पहिल्या दुखण्यापासून पहिल्या एक्स-रेपर्यंत आणि तिथून उपचार सुरू होईपर्यंत किती आठवडे गेले, निदानाच्या वेळी प्रसार झालेला होता काय, आणि उपचार पूर्ण झाले काय, या गोष्टी हाडकर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाबाबत लिहिल्या जाव्यात. दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला फार तर चाळीसच्या आसपास असणाऱ्या रुग्णांसाठी हे काम अवघड नाही, आणि गावात जाऊन विचारण्याची बार्शीची जुनी रीत त्यासाठी पुरेशी आहे. त्यातून जो आकडा निघेल तो दोन्ही जिल्ह्यांच्या ३९.५ या दरापेक्षा बीडच्या आरोग्यव्यवस्थेविषयी अधिक सांगेल.

शाळातपासणीचे वेळापत्रक मात्र आजच बदलता येण्यासारखे आहे. ज्या तालुक्यांतून टोळ्या जातात, तिथे नोव्हेंबर ते मार्च या काळात पथक शाळेत पोहोचले तर ज्या मुलांना तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे तीच पटावर असून वर्गात नसतात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेमुळे मागे राहिलेली मुले सापडतील, पण ती सर्व नव्हेत. तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरात झाली तर संशयित मुलाचा एक्स-रे दसऱ्यापूर्वी निघू शकतो, निदान झालेच तर उचल घेण्याआधी कुटुंबाला हंगामाचा निर्णय घेता येतो, आणि जाणाऱ्या मुलाच्या हाती त्याच्या तपासणीचा कागद देऊन त्याच्यावर कारखान्याचा तळ आणि मूळ गाव असे दोन्ही पत्ते लिहिता येतात.